मिठूचं जर्मनीला जाणं

५ जानेवारी २००८, शनिवार

मिठूला हाटकेशला डॉ. शहांकडे नेलं. रेबीजचं इंजेक्शन. धरायचं काम दर वर्षीप्रमाणे माझं, कारण नलूला सुई बघवत नाही. ती बाहेर बाकावर डोळे मिटून बसते. टोचून झाल्यावर मिठू माझ्या हातातून सुटला तो थेट तिच्या मांडीवर. दुखवणारी मी, कुरवाळणारी ती. सात वर्षं हेच.

परत येताना रिक्षात नलूने सांगितलं, मेमध्ये ती आणि तिचे यजमान कदम लेकीकडे, प्राचीकडे जर्मनीला जाणार. तीन महिने. मी मनातल्या मनात मिठूचं अंथरूण माझ्या गॅलरीत टाकून मोकळीसुद्धा झाले. ते गावी जातात तेव्हा तो माझ्याचकडे असतो. समोरासमोरची दारं, त्याला फक्त जिना ओलांडायचा.

"मिठूपण येतोय," नलू म्हणाली.

तिकडचे नियम बदललेत म्हणे. आता सगळ्या युरोपला मिळून एकच. कातडीखाली ओळखीच्या नंबराची चिप, रेबीजची लस, रक्ताची तपासणी, मग तीन महिने थांबायचं, की कुत्रा मोकळा. प्राचीने सगळं शोधून काढलंय. डॉक्टरांकडे चिप अजून यायचीय, मागवलीय. लस तेवढी आज उरकली, कारण बुधवारपासून पौष लागतोय.

मी "अरे वा" म्हणाले. चांगलं म्हणाले. आवाज नीट होता.

१७ जानेवारी, गुरुवार

चिप आली. नलू घालू देत नाही. पौषात नवीन काही अंगाला लावायचं नाही, तिच्या आईची शिकवण.

कदम : "अगं, कुत्र्याला कसला पौष?"

"कुत्रा घरातला आहे ना? मग त्यालाही पौष."

कदम माझ्याकडे बघून म्हणाले, "कुंदाताई, तुम्ही पेपरवाल्या. काहीतरी बोला."

मी विषय बदलला. मला काय, जितका उशीर तितकं बरं.

बिल्डिंगभर बातमी पसरलीय. वॉचमन म्हणाला, "मॅडम, कुत्ता जर्मनी जायेगा, और हमको गाँव की छुट्टी नहीं मिलती."

त्याच्याशी माझं एकदम जमलं.

९ फेब्रुवारी, शनिवार

पौष संपला. आज चिप घातली आणि रक्तही काढलं, एकाच फेरीत. मीच धरला. तांदळाच्या दाण्याएवढी चिप, सुई मात्र जाड. ओरडला नाही, माझ्याकडे बघितलं फक्त. रक्ताची नळी बर्फात घालून परदेशातल्या लॅबला जाणार. माझं रक्त अंधेरीच्या पुढे कधी गेलं नाही.

नलूने त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. मेमध्ये तिकडे स्वेटर लागत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

मला नक्की काय होतंय ते लिहून काढावं म्हणते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतला पाल्हाळ कापला. स्वतःचाही कापता यायला हवा.

मिठू मी उचलला तो मुर्ध्याला, खाडीकाठच्या गावात. मिठागराच्या बांधावर पडला होता, मुठीएवढा, अंगावर मीठ सुकलेलं. नलू बरोबर होती, आम्ही मासळी आणायला गेलो होतो. ओढणीत गुंडाळून रिक्षाने आणला. नाव मी ठेवलं. लोक हसले, पोपटाचं नाव कुत्र्याला म्हणून. पण तेव्हा माझी पेपरच्या डेस्कवर संध्याकाळची पाळी, घरी यायला उशीर. नलू म्हणाली, तुझी पाळी बदलेपर्यंत आमच्याकडे राहू दे.

पाळी बदलली तोवर तो त्यांचा झाला होता. मी मागितला नाही. नोकरी सोडून घरी बसले तेव्हाही नाही.

म्हणजे काय होतंय? जळफळाट. नलूकडे नवरा आहे, लेक आहे, जर्मनी आहे, याचं मला कधी काही वाटलं नाही. कुत्र्याचं वाटतंय.

रक्ताचा रिझल्ट चांगला आला तर मिठू मेच्या मध्याला मोकळा.

२४ फेब्रुवारी, रविवार

लॅबचा रिझल्ट आला. पास. नलूने पेढे वाटले. मला दोन दिले.

विमानाचा पिंजरा आलाय. करड्या प्लास्टिकचा, पुढे जाळीचं दार. मिठू आत जायला तयार नाही. नलूने बिस्किटं टाकून पाहिली, कदमांनी मागून ढकलून पाहिलं. मग स्वतः कदम वाकून आत डोकं घालून म्हणाले, "बघ, बाबा गेले की नाही आत?" मिठू सोफ्याखाली.

नलू म्हणाली, "कुंदा, तुझं ऐकतो तो. तुझ्याकडे ठेव पिंजरा. सवय लाव ना त्याला."

मी सवय लावायची. त्याला घेऊन जाणाऱ्या पिंजऱ्याची.

हो म्हणाले.

२ मार्च, रविवार

गेला आत! काही न करता. माझी जुनी सवय, पेपरच्या पुरवणीतला माझा कॉलम पाठवण्याआधी मोठ्याने वाचायचा. डेस्कवर असतानाही पुटपुटत वाचायचे, सगळे चिडवायचे. कानाला जे खटकतं ते डोळ्याला दिसत नाही. तर आज जमिनीवर बसून, पिंजऱ्याला टेकून शनिवारचा मजकूर वाचत होते. विषय कैरीच्या लोणच्याचा. दुसऱ्या परिच्छेदाला मिठू उठला, पिंजऱ्यात शिरला, गोल फिरला आणि पंजांवर हनुवटी ठेवून झोपला. चौथ्या परिच्छेदाला घोरत होता.

संपादकांनीही एवढं स्पष्ट मत कधी दिलं नव्हतं.

नलूला सांगितलं. आनंदाने टाळ्या वाजवल्या तिने. मग म्हणाली, "पण विमानात कोण वाचणार?" त्या क्षणी मला फार बरं वाटलं. लिहून ठेवते.

८ मार्च, शनिवार

आता रोज वाचते. दार लावून पाव तास, मग अर्धा तास. कुरकुर नाही. मला हे काम चांगलं जमतंय आणि त्याचाच राग येतोय.

मुर्ध्याची मासळीवाली आली होती. मिठूला बोंबलाचं डोकं देते नेहमी. तिला नलूने जर्मनीचं सांगितलं.

ती म्हणाली, "काय गो बाय, मुर्ध्याचा हाय तो. खाडीचा. बर्फात न्हाय जगायचा."

नलू म्हणाली, "मेमध्ये बर्फ नसतो, मावशी." म्हणजे माहीत आहे तिला. मग स्वेटर कशाला?

मी एक पापलेट जास्तीचं घेतलं मासळीवालीकडून.

१२ मार्च, बुधवार

पुरवणीतून फोन. या शनिवारी 'उन्हाळी सुट्टी' विशेष. कॉलममध्ये कुत्र्या-मांजरांचा परदेश प्रवास घ्या, हल्ली लोक नेतात. आठशे शब्द, उद्या सात वाजता.

मी हसले. पुरवणीच्या पोरीला वाटलं विषय आवडला.

दिवसभर फोन. एक प्राण्यांचे डॉक्टर दादरचे, एक कुत्री पाठवणारे एजंट, एक बाई ज्यांनी मांजर पॅरिसला नेलं. मजकूर भरपूर. घाईघाईत टिपून घेतलाय.

१३ मार्च, गुरुवार

चार वाजता कॉलम झाला. वाचायला बसले. मिठू पिंजऱ्यात, नेहमीसारखा. वाचता वाचता या वाक्याशी आले — "आधी चिप, मग लस. चिपच्या आधी टोचलेली लस धरली जात नाही, कारण ती याच कुत्र्याला टोचली याचा पुरावा नसतो."

पुन्हा वाचलं. मिठूने डोळा उघडला.

लस पौषाच्या आधी. चिप पौषानंतर.

दोन्ही वेळी मीच धरला होता. काल दादरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी नुसती उतरवून घेत होते. माझ्याच मजकुरातलं माझ्या लक्षात आलं नाही, कानावर पडेपर्यंत.

आता खरं लिहायचं तर, पहिल्यांदा आनंद झाला. लख्ख. पुन्हा चिपचा नंबर लावून लस, महिन्याने रक्त, मग तीन महिने. जुलैची अखेर. त्यांची तिकिटं १८ मेची. म्हणजे मिठू इथेच.

मग दादरच्या डॉक्टरांना परत फोन केला. खात्रीसाठी. ते म्हणाले, "बाई, कालच सांगितलं ना?" मग एजंटला. तोही तेच म्हणाला, वर म्हणाला, "फ्रँकफर्टला ठेवून घेतील, नाहीतर पुढच्या विमानाने परत पाठवतील." बातमी दोन ठिकाणांहून तपासायची, हा आमचा नियम. पण दुसरा फोन लावताना मला कुठलं उत्तर हवं होतं, ते मला माहीत होतं.

वाक्य तसंच ठेवून सातला कॉलम पाठवला.

नलू शनिवारी माझा कॉलम वाचतेच. चहाबरोबर. त्याआधी सांगायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं.

"आत्ता सुचलं तुला हे? तिकिटं झाल्यावर?"

"कॉलम लिहिताना कळलं."

"तुझा कॉलम! तुझ्या कॉलमपायी माझा मिठू अडकला."

मी म्हणाले, माझा काय संबंध, नियम आहे. कदम म्हणाले, शहा डॉक्टर काही बोलले नाहीत. मी म्हणाले, त्यांच्याकडून पहिलाच कुत्रा जातोय परदेशी, त्यांनाही माहीत नसेल. कदमांनी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "देखना पडेगा." कदमांनी स्पीकरवर ठेवला होता.

नलू उठून मिठूजवळ जाऊन बसली. त्याच्या मानेवर हात, चिप आहे तिथे.

"मला माहितीय तुला काय हवंय ते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मुर्ध्याला तू उचललास म्हणून तो तुझा नाही होत, कुंदा. खोकला झाला तेव्हा रात्रभर मी बसले होते."

"म्हणून खोटं सांगेन?"

"खोटं नसेल. पण सांगताना तुझं तोंड बघितलंस का?"

माझं तोंड मी बघितलं नव्हतं, पण कल्पना होती.

पिंजरा कदम येऊन घेऊन गेले. जाताना चप्पल घालत म्हणाले, "राग मानू नका, ताई." ते चांगले गृहस्थ आहेत. त्यानेच जास्त लागलं.

१५ मार्च, शनिवार

कॉलम आला. मथळा त्यांनी बदललाय, वाईट. ते वाक्य आहे.

समोरचं दार बंद. दारात पेपर दुपारपर्यंत तसाच.

१८ मार्च, मंगळवार

प्राचीचा मला मेल. "मावशी, तुझं बरोबर आहे. इथल्या ऑफिसला विचारलं. मी आईला यादी चिप आधी, लस मग, याच क्रमाने पाठवली होती गं, पण हा क्रम पाळायचा असतो हे लिहिलं नव्हतं. आई आता यायचं नाही म्हणतेय. प्लीज तिला पटव."

बरोबर ठरले. पंचवीस वर्षं डेस्कवर चुका काढल्या, बरोबर ठरल्याचा इतका कमी उपयोग कधी झाला नव्हता.

२० मार्च, गुरुवार

कदम मंडळी शिमग्याला खेडला. मिठूला घेऊन गेली. सात वर्षांत पहिल्यांदा. गाडी केली होती खास, कारण एसटीत कुत्रा घेत नाहीत.

जिन्यात नखांचा आवाज आला. दार उघडलं नाही. पीप होलमधून पाहिलं. मिठू माझ्या दाराशी थांबला, वास घेतला, शेपटी हलवली. नलूने साखळी ओढली.

२९ मार्च, शनिवार

आले परत. कदम येऊन गावचे काजू आणि बातमी देऊन गेले. शहा डॉक्टरांनी गावी जायच्या आदल्या दिवशीच लस पुन्हा टोचली, चिपचा नंबर लिहून. धरायला कोण होतं विचारलं.

"मीच," कदम म्हणाले आणि मनगट दाखवलं. दाताचे दोन व्रण. "तुमची आठवण आली, ताई."

खूश झाले. काय माणूस आहे मी.

म्हणाले, नलूचा हेका कायम. "मिठू नाही तर मी नाही. आणि समोर, तुमच्याकडे, ठेवायचा नाही म्हणते. तिकिटाचं जाऊ द्या हो, पण प्राचीने खोली लावून ठेवलीय. गादी घेतलीय कुत्र्याची. दोन वर्षांनी आई भेटणार होती तिला."

१० एप्रिल, गुरुवार

दहा-बारा दिवस लिहिलं नाही इथे. कॉलम गेले, वाचून न दाखवता. दोन चुका राहिल्या. एक 'त्याने'चं 'तिने'. वाचकांची पत्रं येतील.

नलू खाली भाजीच्या गाडीवर दिसते. भेंडी निवडताना माझ्याकडे पाठ. भाजीवाल्याशी हिंदीत जास्त गोड बोलते हल्ली, मला ऐकू जावं म्हणून. "भैया, अच्छा देना, अपना समझ के."

तिला जर्मनीला जायला सांगायचं तर मी कशी सांगणार? काहीही बोलले तरी एकच अर्थ. जा म्हणजे कुत्रा दे.

२६ एप्रिल, शनिवार

आज गेले समोर. बेल वाजवली. मिठूने आतून गोंधळ घातला, म्हणजे वासाने कळलं होतं. नलूने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी उभ्यानेच सुरुवात केली. रस्ताभर, म्हणजे जिनाभर, पाठ केलं होतं.

"माझ्याकडे नको ठेवूस. वसईला कुत्र्यांचं बोर्डिंग आहे, मी बोललेय त्यांच्याशी. पंखा आहे, अंगण आहे. मी बघायलाही जाणार नाही, पाहिजे तर. पण प्राचीकडे जा."

हे मी मनापासून बोलले का? बोलण्याआधी तरी नाही. बोलता बोलता कळलं, की ती हो म्हणाली तर मला निभवावं लागणार.

नलू एकदम भडकली.

"बोर्डिंगात? मिठूला? तुझं डोकं फिरलंय का कुंदा? त्याला दुपारचा दहीभात कोण देणार तिथे? पंखा आहे म्हणे!"

"मग?"

"मग काय मग? आत ये आधी. दारात उभी राहून काय तमाशा करतेस."

चहा केला. आलं जास्त. मिठू दोघींच्या मधे आडवा पसरला, डोकं तिच्याकडे, ढुंगण माझ्याकडे. असू दे.

कपाची कडा बोटाने पुसत म्हणाली, "तोंड तसंच होतं हं तुझं त्या दिवशी. मी उगाच नाही बोलले."

"माहितीय."

"मग ठीक."

तेवढंच. रक्त परत काढून पाठवलंय. पास झालं, तर जुलैअखेर.

१८ मे, रविवार

गेले. पहाटे टॅक्सी. कदमांनी तीन वेळा पासपोर्ट चाचपला. नलूने साखळी माझ्या हातात दिली. पिंजराही सोडून गेली, "असू दे तुझ्याकडे, अडगळ होते आमच्यात" म्हणून. सूचना : दहीभात, कानातलं औषध, बोंबलाचं डोकं रोज नको, फटाके वाजले तर पलंगाखाली जाऊ द्यायचं. मला हे सगळं माहीत आहे हे तिला माहीत आहे. तरी ऐकून घेतलं.

स्वेटर तिने त्याच्या अंथरुणात ठेवलाय. विणून पूर्ण झालेला. "माझा वास आहे त्याला," म्हणाली.

टॅक्सी वळली. मिठू माझा. तीन महिने.

मिठू जिना चढून आला तो समोरच्या बंद दारापाशी बसला. उंबऱ्याला नाक लावून. माझं दार उघडं होतं, खिम्याचा वास येत होता.

२१ मे, बुधवार

अजून तिथेच. खायला येतो, खाऊन परत दाराशी. झोपतो स्वेटरवर. मी कॉलम मोठ्याने वाचला, पिंजऱ्याला टेकून, मुद्दाम. कान इकडे वळले. बाकीचा तिकडेच.

वॉचमन म्हणाला, "मॅडम, इसका मन नहीं लग रहा."

माहीत आहे मला. सांगायची गरज नव्हती.

नलूची चीड येते. हजारो मैल लांब बसून जिन्यातली जागा तिने अडवलीय.

२५ मे, रविवार

आज पहिल्यांदा माझ्या पलंगाशी झोपला. पहाटे जाग आली तर हात खाली लोंबत होता आणि त्यावर त्याची हनुवटी. हात बधिर. काढला नाही.

१ जून, रविवार

नलूचा फोन. तिकडे ऊन लख्ख आहे, रस्त्यावर माणूस नाही, पाव कडक, कदम रोज एकाच बाकावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांशी मराठीत बोलतात. प्राची मजेत. मग आवाज बदलला.

"त्याच्या कानाला लाव ना जरा."

दोन सेकंद मी रिसीव्हर माझ्याच कानाला धरून ठेवला. लाइन कट झाली म्हणता आलं असतं. जर्मनीची लाइन, कोण विचारतंय.

मग लावला. "मिठ्याऽ, ए राजा, जेवलास का रे?" मला लांबूनही ऐकू आलं. मिठूने मान तिरकी केली, रिसीव्हरच्या मागे काय आहे ते बघून आला, मग धावत समोरच्या दाराशी. पंजाने दार खरवडलं. दोनदा. मग माझ्याकडे वळून बघितलं, मी उघडीन म्हणून.

परत फोन घेतला तेव्हा नलू रडत होती, पण तिला पत्ता लागू द्यायचा नव्हता. म्हणून मला कळलंय याचा पत्ता मीही लागू दिला नाही.

"रिझल्ट आला, शहांनी फोन केला होता. पास झालाय. जुलैअखेर मोकळा," मी म्हणाले.

"बरं झालं. कुंदा, ऐक. प्राची म्हणते आमचा मुक्काम वाढवून मिळतोय का बघते. तू घेऊन येशील त्याला? तुला तरी कुठे सुट्टी असते. दोन आठवडे राहा. तो तुझ्यासोबतच नीट येईल, पिंजऱ्यात दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

"आणि मी परत येताना तो?"

"ते बघू ना."

"मुक्काम वाढला नाही तर?"

"तर आम्ही येतोच आहोत ऑगस्टात. पण वाढला तर?"

बघते, म्हणाले. पासपोर्ट आहे माझा, एका दौऱ्यासाठी काढला होता, तो दौरा झालाच नाही. संपलाय की नाही ते पाहिलेलं नाही अजून. कपाटात वरच्या फळीवर आहे, स्टूल घ्यावं लागेल.

संध्याकाळी मिठू जिन्यातून आपणहून आत आला. पाणी प्यायला. पिंजऱ्याजवळ थांबला, आत नाक घातलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात वाचायला काहीच नव्हतं.

उद्या पाव किलो खिमा आणायचा. वाटी पिंजऱ्यात ठेवून बघायची. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून. नुसतं बघायचं.